न्यूरॉनमध्ये रोगप्रतिकाराची जनुके दिसली, तर ती न्यूरॉनचीच आहेत हे कसे ठरवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रौढ उंदराच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पेशी सुट्या करून सिंगल-सेल आरएनए सीक्वेन्सिंग (एकेका पेशीतली सक्रिय जनुके वाचण्याची पद्धत) केले. न्यूरॉनच्या क्लस्टरमध्ये (सारख्या पेशींच्या गटात) सी१क्यूए, सीडी७४, बी२एम, एच२-डी१ आणि सी४बी ही पाच जनुके दिसतात. मेंदूतले न्यूरॉन रोगप्रतिकाराची जनुके खरोखर व्यक्त करतात का, आणि हे पेपरमध्ये लिहिण्याआधी काय तपासायला हवे?

या पाचही जनुकांना एकच उत्तर लागू होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रौढ कॉर्टेक्समध्ये सी१क्यूए मायक्रोग्लियाचे, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींचे असते. न्यूरॉनमध्ये दिसले तर ते बाहेरून आलेले आहे असे धरूनच चालावे. निरोगी उंदराच्या न्यूरॉनमध्ये सीडी७४ दिसणे म्हणजे जवळजवळ नक्कीच भेसळ, दुसऱ्या पेशींचा मिसळलेला आरएनए. बी२एम आणि एच२-डी१ न्यूरॉनमध्ये खरोखर असू शकतात, पण कमी पातळीवर, आणि तुम्हाला दिसणाऱ्या आकड्यातला मोठा भाग रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियल पेशींचा आणि मायक्रोग्लियाचा असण्याची शक्यता आहे. सी४बी मुख्यतः ॲस्ट्रोसाइट या न्यूरॉनच्या आधारपेशींमध्ये सापडते, आणि वय वाढले किंवा आजार असला की ऑलिगोडेंड्रोसाइट या मायलिन बनवणाऱ्या पेशींमध्येही वाढते. तेव्हा "न्यूरॉनमध्ये रोगप्रतिकार जनुके सक्रिय" असे एकच वाक्य लिहून पाचही त्यात बसवू नका.

या विषयाला पाया नाही असा मात्र याचा अर्थ नाही. १९९८ मध्ये कार्ला शॅट्झ यांच्या प्रयोगशाळेने मांजराच्या विकसित होणाऱ्या दृष्टीमार्गात टेट्रोडोटॉक्सिन देऊन विद्युत क्रिया थांबवली आणि कोणत्या जनुकांची पातळी बदलते ते शोधले. कमी झालेल्यांत एमएचसी वर्ग १ चे जनुक निघाले. या वर्गाची प्रथिने पेशीच्या आतले तुकडे टी-पेशींना दाखवतात; बी२एम आणि एच२-डी१ याच वर्गातली. न्यूरॉनमध्ये हे जनुक असेल असे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते. २००० मध्ये त्याच गटाने बी२एम आणि टॅप१ दोन्ही नसलेल्या, तसेच सीडी३-झीटा नसलेल्या (म्हणजे वर्ग १ ची यंत्रणा बिघडवलेल्या) उंदरांत डोळ्याकडून थॅलॅमसकडे जाणाऱ्या जोडण्यांची छाटणी अपुरी राहते हे दाखवले. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांच्या कामाने सी१क्यू (सी१क्यूए ज्याचा एक भाग बनवते ते प्रथिन) आणि सी३ हे कॉम्प्लिमेंट या रोगप्रतिकारक प्रथिनसाखळीचे घटक सिनॅप्स (न्यूरॉनमधल्या जोडण्या) काढून टाकण्यात सामील असल्याचे पुढे आणले. २०१६ मध्ये सी४ जनुकाच्या रचनेतले फरक स्किझोफ्रेनियाच्या जोखमीशी जोडले गेले. विषय भक्कम आहे. म्हणूनच त्यात कच्ची निरीक्षणे घुसू नयेत याची काळजी प्रत्येकाने घ्यायला हवी.

प्रथिन कुठे बसले आणि एमआरएनए (जनुकाची कामाची प्रत) कुठे बनले

आधी हे दोन प्रश्न वेगळे करा. कॉम्प्लिमेंटची प्रथिने पेशीबाहेर सोडली जातात. मायक्रोग्लियाने बनवलेले सी१क्यू सिनॅप्सवर जाऊन बसते; प्रतिपिंड लावून पाहिले तर न्यूरॉनभोवती चमकदार ठिपके दिसतात आणि पाहणारा म्हणतो, न्यूरॉनमध्ये सी१क्यू आहे. त्या चित्रावरून प्रथिनाचे स्थान कळते, ते कोणी बनवले हे कळत नाही. उत्पादक शोधायचा तर एमआरएनए बघावा लागतो किंवा त्या एकाच पेशीप्रकारातून जनुक काढून टाकावे लागते. २०१७ मध्ये हाच प्रयोग झाला: मायक्रोग्लियामधून सी१क्यूए काढल्यावर प्रौढ उंदराच्या मेंदूतले सी१क्यू जवळजवळ नाहीसे झाले. न्यूरॉन मोठा उत्पादक असता तर असे झाले नसते.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. २००७ च्या कामात नवजात उंदराच्या रेटिनातल्या गँग्लियन पेशींमध्ये, अपरिपक्व ॲस्ट्रोसाइटच्या सान्निध्यात, सी१क्यूचा एमआरएनए वाढल्याचे नोंदले होते. तुमचा नमुना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतला रेटिना असेल तर मी "भेसळ" म्हणून प्रश्न मिटवणार नाही. प्रौढ कॉर्टेक्सबाबत मात्र पुराव्याचे ओझे तुमच्यावर आहे.

याउलट काही रोगप्रतिकाराची जनुके न्यूरॉनची आहेत याबद्दल वाद नाही: सीएक्स३सीएल१, सीडी२००, सीडी४७, आयएल३४. यांतून न्यूरॉन मायक्रोग्लियाशी संवाद साधतो. सीएक्स३सीएल१ चा ग्राहक सीएक्स३सीआर१ मायक्रोग्लियावर असतो, आयएल३४ चा सीएसएफ१आर देखील तिथेच. तुमच्या डेटात ही चार जनुके न्यूरॉनच्या क्लस्टरमध्ये नीट वर दिसतात का ते आधी बघा. तीही दिसत नसतील, तर क्लस्टरची नावेच चुकली आहेत किंवा न्यूरॉन इतके फुटलेले आहेत की त्या डेटावरून न्यूरॉनबद्दल काही म्हणता येणार नाही.

भेसळ किती मोठी असू शकते: एक हिशेब

पेशी सुट्या करताना काही पेशी फुटतात आणि त्यांचा आरएनए द्रवात मिसळतो. सीक्वेन्सिंगसाठी प्रत्येक पेशी एका सूक्ष्म थेंबात पकडतात, आणि तो द्रव प्रत्येक थेंबात थोडाथोडा जातो. याचा परिणाम किती होतो ते उदाहरणाने पाहू. समजा एका थेंबात असे ४०० परके आरएनए रेणू गेले आणि त्या द्रवातल्या आरएनएपैकी ०.१ टक्के सी१क्यूएचा आहे. मायक्रोग्लियामध्ये हे जनुक इतके जोरात व्यक्त होते की हा आकडा अवास्तव नाही. म्हणजे प्रत्येक न्यूरॉनला सरासरी ०.४ रेणू मिळाला. पॉयसन वितरणाने (विरळ घटनांच्या संख्याशास्त्रीय सूत्राने) हिशेब केला तर सुमारे ३३ टक्के न्यूरॉनमध्ये सी१क्यूएचा किमान एक रेणू दिसेल. म्हणजे एकाही न्यूरॉनने हे जनुक व्यक्त केलेले नसताना तुमच्या डॉट-प्लॉटवर (जनुके आणि क्लस्टर यांच्या ठिपक्यांच्या आलेखावर) "एक तृतीयांश न्यूरॉन सी१क्यूए-पॉझिटिव्ह" असे उमटेल. सामान्यीकरण आणि रंगपट्टीचे ताणणे यांमुळे तो ठिपका आणखी ठळक दिसतो.

परक्या रेणूंची संख्या थेंबागणिक साधारण सारखीच असते, म्हणून ज्या पेशीत एकूण रेणू कमी, तिच्यात भेसळीचे प्रमाण जास्त. ८,००० रेणूंच्या न्यूरॉनमध्ये ४०० म्हणजे ५ टक्के. २,००० रेणूंच्या ग्लियल (न्यूरॉन नसलेल्या, आधार देणाऱ्या) पेशीत तेच ४०० म्हणजे २० टक्के. त्यामुळे उलटा भासही होतो: ग्लियाच्या क्लस्टरमध्ये न्यूरॉनची जनुके दिसतात आणि मायक्रोग्लियाने सिनॅप्स गिळल्याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जातात. गिळण्याची प्रक्रिया खरी आहे, पण मायक्रोग्लियातला स्नॅप२५ या न्यूरॉनच्या जनुकाचा एमआरएनए एवढाच पुरावा त्यासाठी पुरत नाही.

आता भेसळ, जोडपेशी आणि खरी अभिव्यक्ती यांची लक्षणे. द्रवातून आलेली भेसळ सगळ्या क्लस्टरमध्ये पसरलेली असते: उत्तेजक न्यूरॉन, निरोधक न्यूरॉन, ऑलिगोडेंड्रोसाइट, एंडोथेलियम, सगळीकडे. सी१क्यूए, सी१क्यूबी आणि सी१क्यूसी यांचे आपसांतले प्रमाण रिकाम्या थेंबांतल्या प्रमाणासारखेच असते. दोन पेशी एकाच थेंबात आल्या असतील तर चित्र वेगळे असते: मोजक्याच "न्यूरॉन"मध्ये सी१क्यूएचे दहा-वीस रेणू, सोबत मायक्रोग्लियाची सीएसएफ१आर, सीएक्स३सीआर१, हेक्सबी, आणि एकूण रेणूंची संख्याही वर. जुन्या ३-प्राइम किटमध्ये (एमआरएनएचे फक्त शेवटचे टोक वाचणाऱ्या) दर १,००० मिळालेल्या पेशींमागे अशा जोडथेंबांचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के धरतात. १०,००० पेशींचे लक्ष्य ठेवले तर ८ टक्के. खरी अभिव्यक्ती बहुधा विशिष्ट उपप्रकारात किंवा थरात एकवटलेली असते आणि मायक्रोग्लियाची सोबतची जनुके तिथे नसतात. एकट्या जनुकाकडे न बघता त्याच्या सोबत्यांकडे बघा, ही सवय मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

सॉफ्टवेअरने भेसळ वजा करता येते, पण त्यात दोन ठिकाणी घसरण होते. पहिले म्हणजे साउपएक्स आणि सेलबेंडर या प्रोग्रामना रिकाम्या थेंबांसकटचा कच्चा मॅट्रिक्स (जनुके आणि थेंब यांचा मोजणीतक्ता) लागतो. अनेकजण गाळलेला मॅट्रिक्स देतात आणि मग भेसळीचा अंदाज निरर्थक येतो. साउपएक्समध्ये आपोआप येणाऱ्या अंदाजावर विसंबू नका. न्यूरॉनमध्ये जी सहसा नसतात अशा जनुकांवरून, म्हणजे मायलिनच्या पीएलपी१ आणि एमबीपीवरून, तो अंदाज पडताळून पाहा. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकांचाही वापर होतो, पण काही न्यूरॉनमध्ये हिमोग्लोबिन व्यक्त झाल्याचे अहवाल आहेत, म्हणून एकट्या हिमोग्लोबिनवर भिस्त ठेवू नका. दुसरे म्हणजे अतिसुधारणा. एच२-डी१ सारखे कमी पातळीचे, पण खरे जनुक जोरदार सुधारणेत पुसले जाते. सेलबेंडर ०.०१ च्या मूळ मर्यादेवर (चुकीच्या सकारात्मकतेच्या दरावर) चालवा, मग थोडी सैल आणि थोडी कडक मर्यादा ठेवून पाहा, आणि तुमचा निष्कर्ष तिन्ही वेळा टिकतो का ते बघा. जोडथेंब ओळखणारे स्क्रबलेट किंवा डबलेटफाइंडर प्रत्येक नमुन्यावर स्वतंत्र चालवा. सगळे नमुने एकत्र केल्यावर चालवले तर अपेक्षित प्रमाणाचा हिशेबच कोलमडतो.

पेशी सुट्या करतानाच जनुके चालू होतात

यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असे मी म्हणेन, कारण हा दोष नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही. ३७ अंशांवर पॅपेन किंवा तत्सम एन्झाइममध्ये अर्धा-पाऊण तास ठेवलेल्या ऊतीत पेशी जिवंत असतात आणि आघाताला प्रतिसाद देतात. ताणाला लगेच प्रतिसाद देणारी फॉस, जून, ईजीआर१, आयईआर२, डस्प१, एचएसपीए१ए ही जनुके आधी वर जातात. मायक्रोग्लियामध्ये त्यांच्यामागोमाग सीसीएल३, सीसीएल४, टीएनएफ, आयएल१बी, एनएफकेबीआयझेड ही दाहाची जनुके. ही जनुके एकत्र दिसली की लोक त्याला "दाहक मायक्रोग्लियाचा नवा उपप्रकार" म्हणतात. नियंत्रण गट आणि प्रयोग गट यांची हाताळणी दहा-पंधरा मिनिटांनी जरी मागेपुढे झाली तरी गटांत कृत्रिम फरक उभा राहतो.

उपाय ठरलेला आहे. २०२२ मध्ये सविस्तर तपासलेल्या पद्धतीत ॲक्टिनोमायसिन डी मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, ट्रिप्टोलाइड १० मायक्रोमोलर आणि ॲनिसोमायसिन मिलिलिटरला २७.१ मायक्रोग्रॅम असे मिश्रण परफ्यूजनच्या (हृदयातून बफर सोडून रक्त धुऊन काढण्याच्या) द्रवापासून एन्झाइमपर्यंत वापरले आहे. पहिली दोन नवा एमआरएनए बनणे थांबवतात, तिसरे प्रथिन बनणे. ही रसायने विषारी आहेत. हातमोजे घाला, फ्यूमहूडमध्ये काम करा, टाकाऊ द्रव वेगळा साठवा. ॲक्टिनोमायसिन प्रकाशात खराब होते, म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळा. ते डीएनएला चिकटते. मृत पेशी ओळखण्यासाठी ७-एएडी वापरत असाल तर तेही त्याच कुळातले रसायन आहे आणि दोघांची स्पर्धा होते. त्याऐवजी प्रथिनांच्या अमाइन गटांना चिकटणारा रंग घ्या. थेंब बनवण्याआधी पेशी दोनदा धुवा, कारण उरलेले ॲक्टिनोमायसिन पुढच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनमध्ये ढवळाढवळ करू शकते.

परफ्यूजन टाळू नका. उंदराला बर्फगार बफरचे २० ते ३० मिलिलिटर हृदयातून द्या, यकृत फिकट पडेपर्यंत. अर्धवट परफ्यूजन झाले तर रक्तातले मोनोसाइट आणि बी-पेशी नमुन्यात येतात, आणि सीडी७४ मोठ्या प्रमाणात त्यांच्यापासूनच येते. दुसरा स्रोत म्हणजे मेनिंजेस, मेंदूवरची आवरणे. कॉर्टेक्सवरचा पातळ पडदा काढला नसेल तर त्यातले मॅक्रोफेज नमुन्यात उतरतात. निरोगी उंदराच्या मायक्रोग्लियापेक्षा त्यांच्यात एमएचसी वर्ग २ ची जनुके, आणि त्यांच्या जोडीने सीडी७४, कितीतरी जास्त असतात. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तो पडदा बारीक चिमट्याने सोलून काढा. तुमच्या सीडी७४ चे मूळ मी आधी इथे शोधेन.

बर्फावर, एन्झाइमशिवाय, सैल डाउन्स होमोजनायझरने (काचेच्या नळीत दांडा फिरवून ऊती कुस्करण्याच्या साधनाने) पेशी सुट्या करण्याची पद्धत मायक्रोग्लियासाठी उत्तम आहे: प्रतिसाद जनुके शांत राहतात. पण प्रौढ न्यूरॉन तिच्यात फुटतात, द्रवात त्यांचा आरएनए भरतो आणि वरचा भेसळीचा प्रश्न चिघळतो. एकाच नमुन्यातून दोन्ही नीट मिळवण्याचा हट्ट सोडा. प्रश्न न्यूरॉनचा असेल तर गोठवलेल्या ऊतीतून केंद्रके काढा, आणि मायक्रोग्लियाचा असेल तर वरच्या रोधक मिश्रणासह पूर्ण पेशी घ्या.

केंद्रकांची पद्धत साधारण अशी. ५० ते १०० मिलिग्रॅम गोठवलेला कॉर्टेक्स; १ ते २ मिलिलिटर लायसिस (पेशी फोडणारा) बफर, ज्यात १० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ०.१ टक्का नोनिडेट पी-४०, सोबत आरएनएज रोधक. डाउन्समध्ये सैल दांड्याने दहा-पंधरा, मग घट्ट दांड्याने तेवढेच फटके, फेस न करता. बर्फावर पाच मिनिटे, ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळणे, ५०० जी वर ४ अंशांत पाच मिनिटे. नंतर १ टक्का बीएसए आणि मायक्रोलिटरला ०.२ युनिट आरएनएज रोधक असलेल्या पीबीएसमध्ये धुणे. धुण्याचे काम एकदाच करून थांबू नका. मायलिनचा पांढरा तरंग राहिला असेल तर आयोडिक्सॅनॉलची गादी (दाट द्रवाचा थर) वापरा किंवा डीएपीआय हा डीएनएचा रंग लावून केंद्रके सॉर्टरने वेगळी करा. सॉर्टिंगने आजूबाजूचा द्रव गाळला जातो आणि भेसळ लक्षणीय कमी होते. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाची कड तुटकी, धूसर दिसत असेल तर लायसिस जास्त झाले. पुढच्या वेळी वेळ कमी करा, डिटर्जंट नंतर.

केंद्रकांचीही मर्यादा आहे. २०२० मध्ये मानवी मेंदूवर झालेल्या तुलनेत मायक्रोग्लिया सक्रिय झाल्याची अनेक जनुके, जसे एपीओई, एसपीपी१, सीडी७४, केंद्रकांच्या डेटात नीट सापडत नाहीत असे दिसले, कारण तो एमआरएनए प्रामुख्याने पेशीद्रवात असतो. म्हणून "केंद्रकांच्या डेटात दिसले नाही" याचा अर्थ "नाही" असा घेऊ नये.

एमएचसी वर्ग १: खरा अवघड प्रश्न

बी२एम आणि एच२-डी१ बद्दल मी सावध आशावादी आहे. १९९१ मध्ये उंदरांवरच्या कामात न्यूरॉनमधले विषाणू टिकून राहण्यामागे वर्ग १ ची अत्यल्प पातळी हे कारण दाखवले गेले. त्यात अर्थ आहे: न्यूरॉन पुन्हा तयार होत नाही, तेव्हा मारक टी-पेशीच्या नजरेत न येणे त्याच्या हिताचे. पण अत्यल्प म्हणजे शून्य नव्हे. इंटरफेरॉन-गॅमा हे दाहाचे संदेशवाहक प्रथिन दिले की ही जनुके चढतात. १९९५ च्या एकेका पेशीवरच्या प्रयोगांत विद्युतदृष्ट्या शांत न्यूरॉनमध्ये ही वाढ सहज दिसली, क्रियाशील न्यूरॉनमध्ये नाही. शॅट्झ गटाच्या निरीक्षणात मात्र क्रिया थांबवल्यावर पातळी घटली होती. वय, भाग आणि इंटरफेरॉनची उपस्थिती वेगळी असल्याने दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. म्हणून तुमच्या संवर्धनात (बशीत वाढवलेल्या पेशींत) टेट्रोडोटॉक्सिन, जास्त पोटॅशियम किंवा उत्तेजना काय होती हे नोंदवल्याशिवाय आकडा लिहू नका. २०१४ मध्ये मानवी मेंदूतल्या सबस्टान्शिया निग्रा आणि लोकस सेरुलियस या भागांतल्या कॅटेकोलामाइन न्यूरॉनमध्ये वर्ग १ चे प्रथिन दाखवले गेले. पार्किन्सनच्या संदर्भात हे महत्त्वाचे आहे, आणि "न्यूरॉन" हा एकच डबा नाही हेही त्यातून कळते. इंटरफेरॉनच्या प्रतिसाद जनुकांबाबतही हेच: २०१३ च्या कामात सेरेबेलमच्या ग्रॅन्यूल न्यूरॉनमध्ये ती मुळातच कॉर्टेक्सच्या न्यूरॉनपेक्षा जास्त तयारीत होती.

संवर्धनात तपासायचे असेल तर मिलिलिटरला १०० युनिट इंटरफेरॉन-गॅमा, ४८ ते ७२ तास. इंटरफेरॉनला प्रतिसाद देणारे आयआरएफ१ पहिल्या काही तासांतच चढते. टॅप१, एनएलआरसी५, एच२-के१ त्यामागून. आयआरएफ१ चढत नसेल तर इंटरफेरॉन खराब झाले आहे किंवा पेशी आजारी आहेत, पुढचे मोजणे व्यर्थ.

पण त्याआधी संवर्धनाची शुद्धता बघा. क्यूपीसीआरमध्ये (चक्रागणिक प्रती वाढवून एमआरएनएचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत) प्रत्येक चक्राला दुप्पट धरली तर १ टक्का मिसळ म्हणजे शुद्ध पेशींपेक्षा सुमारे ६.६ चक्रे उशीर. शुद्ध मायक्रोग्लियाचा आरएनए शेजारी लावा. तुमच्या "न्यूरॉन" संवर्धनात सी१क्यूए त्याच्या साडेसहा चक्रे मागे येत असेल आणि सीएसएफ१आर व आयटीजीएएम हेदेखील तेवढेच मागे येत असतील, तर तुम्ही १ टक्का मायक्रोग्लिया मोजता आहात, बाकी काही नाही. सी१क्यूए दोन चक्रांनी मागे आणि सीएसएफ१आर दहा चक्रांनी मागे असेल, तर मात्र बसून विचार करायला हवा. सायटोसिन अरॅबिनोसाइड १ ते ५ मायक्रोमोलर दिल्याने विभाजित होणारा ग्लिया कमी होतो, पण आधीच असलेला मायक्रोग्लिया जात नाही. माध्यमातली एंडोटॉक्सिनची लागणही तपासा. पुनर्संयोजित प्रथिनांच्या स्वस्त बॅचमधून ती हमखास येते आणि इंटरफेरॉनच्या नावावर दुसराच प्रतिसाद मोजला जातो.

पूर्ण ऊतीवर क्यूपीसीआर करणाऱ्यांसाठी एक इशारा. सी१क्यूए दुप्पट झाले म्हणजे अभिव्यक्ती दुप्पट झाली असे नाही. मायक्रोग्लियाची संख्या दुप्पट झाली असेल. ती वजा करण्यासाठी पी२आरवाय१२ किंवा टीएमईएम११९ ने भागू नका, कारण मायक्रोग्लिया सक्रिय झाला की हीच जनुके खाली जातात आणि तुमचा भागाकार फुगतो. हेक्सबी तुलनेने स्थिर राहते. सर्वांत खात्रीचे म्हणजे त्याच ऊतीच्या शेजारच्या छेदात पेशी मोजणे.

डोळ्याने बघणे

सीक्वेन्सिंगवरून संशयित ठरलेले जनुक ऊतीच्या छेदात बघितल्याशिवाय दावा पूर्ण होत नाही. आरएनएस्कोपसारख्या इन-सिटू पद्धतीत (एमआरएनए ऊतीत जागेवरच ठिपक्यांनी दाखवण्याच्या) एका वेळी तीन प्रोब (ठरावीक एमआरएनएला चिकटणारे तुकडे) घ्या: तपासायचे जनुक, न्यूरॉनचे चिन्ह म्हणून आरबीएफओएक्स३ किंवा एसएलसी१७ए७, आणि मायक्रोग्लियाचे सीएक्स३सीआर१. तिसरे गाळू नका. मायक्रोग्लियाच्या फांद्या न्यूरॉनच्या पेशीदेहाला बिलगून असतात, काही मायक्रोग्लिया तर न्यूरॉनला चिकटूनच बसतात. १५ मायक्रॉनच्या छेदात वरून पाहिले तर त्यांचे ठिपके न्यूरॉनच्या आत असल्यासारखे दिसतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर झेड-थर (खोलीनुसार प्रतिमा) घ्या आणि त्याच प्रतिमांच्या बाजूने पाहिलेल्या दृश्यातही ठिपका न्यूरॉनच्या हद्दीत आहे का ते बघा. डॅपबी हा जिवाणूचा प्रोब प्रत्येक स्लाइड-बॅचमध्ये लावा. दहा पेशींमागे एक ठिपकाही दिसायला नको. दिसत असेल तर तुमच्या जनुकाचे "पेशीमागे एक ठिपका" हे चित्र पार्श्वभूमीचे आहे. बहुतेक सगळ्या पेशींत असणाऱ्या पीपीआयबी किंवा पोलआर२ए च्या प्रोबवर ठिपके कमी आले तर आरएनए खराब झालेला, मग नकारात्मक निकालालाही किंमत नाही.

मानवी ऊतीत, विशेषतः वयस्क दात्याच्या, लिपोफ्युसिन हे वयाबरोबर साठणारे रंगद्रव्य सगळ्या रंगांत चमकते आणि ते न्यूरॉनमध्येच साठलेले असते. त्यामुळे न्यूरॉनमध्ये खोटे ठिपके दिसण्याचा धोका नेमका इथेच सर्वाधिक. एक चॅनेल प्रोबशिवाय रिकामा ठेवा. जो ठिपका त्या चॅनेलमध्येही दिसतो तो मोजणीतून वगळा. ०.१ टक्का सुदान ब्लॅक ७० टक्के अल्कोहोलमध्ये लावल्याने चमक दबते, थोडा खरा सिग्नलही जातो.

प्रतिपिंड वापरणार असाल तर त्या जनुकाशिवायच्या उंदराची ऊती शेजारी लावा. एमएचसी वर्ग १ साठी बी२एम नसलेली किंवा एच२-के आणि एच२-डी दोन्ही नसलेली. ती न लावता छापलेल्या न्यूरॉनच्या चित्रांवर मी विश्वास ठेवत नाही. मायक्रोग्लियावरचे एफसी-ग्राहक कोणत्याही प्रतिपिंडाला पकडतात, तेव्हा फ्लो सायटोमेट्रीत सीडी१६ आणि सीडी३२ हे एफसी-ग्राहक अडवणारा प्रतिपिंड आधी द्या.

उत्पादक कोण हे ठरवण्याची सोपी जैविक चाचणीही आहे: पीएलएक्स५६२२ हे मायक्रोग्लिया मारणारे औषध मिसळलेले खाद्य, किलोला १,२०० मिलिग्रॅम. साधारण आठवड्याभरात बहुतेक मायक्रोग्लिया नाहीसे होतात, आणि खाद्य थांबवल्यावर परततात. खाद्य चालू असताना तुमचे जनुक नाहीसे झाले आणि परतल्यावर परत आले, तर ते बहुधा न्यूरॉनचे नव्हते. उरले, तर पुढे जायला आधार मिळाला. रायबोटॅग पद्धत (एकाच पेशीप्रकाराचे रायबोसोम ओढून त्यांवरचा एमआरएनए मिळवणे) वापरणार असाल तर न्यूरॉनमधून ओढलेल्या आरएनएची तुलना नेहमी मूळ एकत्रित आरएनएशी करा: सीएक्स३सीआर१ किती घटले ते आधी लिहा, मग तुमचे जनुक तेवढेच घटले की वाढले ते पाहा.

मानवी नमुन्यांत दोन वेगळे खड्डे

भारतात मानवी मेंदूची ऊती बहुधा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतल्या संग्रहातून मिळते. मृत्यूनंतरचा काळ, आरएनएचा आरआयएन आकडा (तो किती शाबूत आहे याचे माप) आणि मृत्यूआधी ताप किंवा संसर्ग होता का, हे तीनही तपशील प्रत्येक दात्यासाठी मागा. अखेरच्या दिवसांतला सेप्सिस इंटरफेरॉनची जनुके इतकी चढवतो की मूळ आजाराचा परिणाम त्यात बुडतो.

पहिला खड्डा एचएलए जनुकांचा, म्हणजे माणसाच्या एमएचसी जनुकांचा. नोंदलेल्या ॲलीलची (जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांची) संख्या ४० हजारांहून अधिक आहे, तर संदर्भ जीनोममध्ये प्रत्येक जनुकाचा मुख्यतः एकच नमुना असतो. आपल्या दात्यांचे ॲलील त्याच्याशी जुळेलच असे नाही. न जुळणाऱ्या रीड (सीक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) गळतात आणि एचएलए-ए कमी व्यक्त होते असे दिसते. त्यात संदर्भामध्ये पर्यायी एमएचसी कॉन्टिग (त्या भागाचे जादा क्रम) ठेवले तर एक रीड अनेक ठिकाणी बसते आणि मोजणी करणारे सॉफ्टवेअर तिला टाकून देते. प्राथमिक असेंब्ली वापरा, ऑप्टिटाइप किंवा आर्कासएचएलए या प्रोग्रामने दात्याचे एचएलए प्रकार काढा, आणि त्यांच्या स्वतःच्या क्रमांवर पुन्हा मोजा. ३-प्राइम किटच्या रीड बहुरूपी एक्सॉन २ आणि ३ पासून लांब असल्याने तिथे हा दोष थोडा कमी असतो, जातो असे नाही.

दुसरा खड्डा सी४ चा. सी४ए आणि सी४बी जवळजवळ एकसारखी आहेत. फरक एक्सॉन २६ मधल्या मोजक्या न्यूक्लिओटाइडमध्ये, प्रथिनात चार अमिनो आम्लांचा. ३-प्राइम डेटात "सी४ए वाढले, सी४बी नाही" असे कोणी लिहिले असेल तर ते त्या डेटावरून कळूच शकत नाही. शिवाय प्रत्येक माणसात या जनुकांच्या प्रतींची संख्या वेगळी असते, त्यामुळे आधी डिजिटल पीसीआरने प्रती मोजा, नाहीतर जनुकाच्या जास्त प्रती असलेला दाता "दाहक" ठरतो. उंदरात तर सी४बी या नावाचे जनुक माणसाच्या सी४बीचे थेट जोडीदार नाही; दोन प्रजातींची नावे एका तक्त्यात शेजारी मांडताना हे स्पष्ट लिहा. मायक्रोग्लियाबाबतही प्रजातीचा फरक मोठा आहे: मानवी मायक्रोग्लियामध्ये सीडी७४, एचएलए-डीआरए आणि सी३ निरोगी अवस्थेतही भरपूर असतात, उंदरात फारच कमी.

आकडेमोडीत नमुना म्हणजे प्राणी किंवा दाता, पेशी नव्हे. तीन उंदरांच्या ९,००० न्यूरॉनवर चाचणी चालवली तर पी-मूल्य अविश्वसनीय लहान येते, पण तुमच्याकडे तीनच निरीक्षणे आहेत. प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक क्लस्टरचे रेणू एकत्र करून स्यूडोबल्कवर तुलना करा.

पैसे आणि वेळ मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा. आधी कच्च्या मॅट्रिक्सवर भेसळीचा हिशेब, त्याला संगणकाचा वेळ सोडून खर्च नाही. सी१क्यूए आणि सीडी७४ बहुधा तिथेच गळतील. सी४बी ॲस्ट्रोसाइटमध्ये जास्त आहे का ते त्याच डेटात दिसेल. मग उरलेल्या एच२-डी१ साठी, आणि फक्त त्याच्यासाठी, इन-सिटू आणि बी२एम नसलेल्या ऊतीवर प्रतिपिंड. बी२एमचा इन-सिटू करून उपयोग कमी, कारण एंडोथेलियममधून इतके ठिपके येतात की रक्तवाहिनीलगतचे न्यूरॉन वाचता येत नाहीत.